हातब्रेक : उभ्या गाडीचा आधार, चालत्या गाडीचा घात

ग्रामीण भागातील शासकीय आणि सामाजिक कामाचा मोठा भार आज मोटारवाहनांवर आहे. पंचायत समितीची जीप, प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, शाळेची बस, पाणीटंचाईच्या दिवसांत धावणारा टँकर ही वाहने वेळेवर आणि सुखरूप पोहोचण्यावर अनेकांचे हित अवलंबून असते. वाहनाच्या इंजिनाकडे, टायरांकडे आणि इंधनाच्या खर्चाकडे संबंधितांचे लक्ष असते. हातब्रेक मात्र बहुधा उपेक्षित राहतो. उभी केलेली गाडी घरंगळली म्हणजेच त्याची आठवण होते. परंतु हातब्रेक न लागणे जितके धोक्याचे, तितकेच तो न सुटणेही धोक्याचे आहे. अर्धवट लागलेला हातब्रेक घेऊन गाडी काही किलोमीटर धावली, तर तो तापतो, आणि तापताना पायब्रेकलाही आपल्याबरोबर निकामी करतो. घाटरस्त्यांनी व्यापलेल्या महाराष्ट्रात ही बाब नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन ब्रेक, एकच चाक

चालती गाडी थांबविण्यासाठी पायब्रेक आणि थांबलेली गाडी जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी हातब्रेक, अशी ही कामाची वाटणी आहे. पायब्रेक दाबला की ब्रेक ऑईलच्या दाबाने चारही चाकांतील ब्रेक लागतात. हातब्रेकचा दांडा ओढला की पोलादी तार ताणली जाते आणि ती सामान्यतः मागील दोन चाकांचे ब्रेक आवळते. तारेचा मार्ग वेगळा ठेवण्याचा हेतू असा की, ऑईल गळून पायब्रेक गेला तरी दुसरे साधन हाताशी राहावे.

मात्र मार्ग दोन असले, तरी ते पुष्कळशा वाहनांत एकाच ठिकाणी जाऊन पोहोचतात. मागील चाकातील बिडाचा ड्रम आणि त्याच्या आतील अर्धगोल ब्रेक शू ही जोडी दोन्ही ब्रेकांना सामाईक असते. शूवर घर्षण निर्माण करणारे लायनर बसविलेले असते. तार ओढली काय किंवा पायब्रेक दाबला काय, हेच लायनर त्याच ड्रमवर घासते. हातब्रेकमुळे ड्रम तापला की पायब्रेकवर परिणाम का होतो, याचे मूळ या सामाईक रचनेत आहे.

उष्णता येते कोठून?

ब्रेक गतीचा नाश करतो असे आपण व्यवहारात म्हणतो. शास्त्रीय दृष्ट्या तो गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. गाडी थांबविताना ही उष्णता काही सेकंदांपुरती निर्माण होते आणि पुढच्या प्रवासात वाऱ्याने निघून जाते. अडकलेल्या हातब्रेकची गोष्ट वेगळी आहे. तेथे घर्षण अखंड चालू राहते आणि ड्रमला निवण्यास उसंत मिळत नाही.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. अर्धवट लागलेल्या हातब्रेकमुळे गाडीला सुमारे ३० किलोग्रॅम भाराइतकी उलटी ओढ बसते असे मानू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना एवढ्या ओढीतून सुमारे ५ किलोवॅट उष्णता निर्माण होते. घरातील कपड्यांची इस्त्री साधारणपणे १ किलोवॅटची असते. म्हणजे मागील दोन चाकांत मिळून पाच इस्त्र्या सतत चालू ठेवल्यासारखे हे झाले. दोन्ही ड्रमांचे वजन मिळून १० किलोग्रॅम धरले आणि वाऱ्याने जाणारी उष्णता हिशेबात घेतली नाही, तर अवघ्या पाच मिनिटांत ड्रमचे तापमान तीनशे अंश सेल्सिअसहून अधिक वाढेल. वाऱ्यामुळे प्रत्यक्षात ते याहून कमी वेगाने वाढते, परंतु प्रवास पाच मिनिटांचा नसतो, हेही विसरता येत नाही.

एवढी शक्ती वाया जात असताना चालकाला ते कळत कसे नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तरही याच हिशेबात आहे. ५ किलोवॅट म्हणजे सुमारे पावणेसात अश्वशक्ती. साठ-सत्तर अश्वशक्तीच्या इंजिनाला हा बोजा जड जात नाही. चालक नकळत ॲक्सिलरेटर थोडा अधिक दाबतो आणि गाडी नेहमीप्रमाणे चालत राहते. हातब्रेक पूर्ण लागलेला असेल तर गाडी हलतच नाही, किंवा हलताना अडखळते, आणि चूक तत्काळ ध्यानात येते. खरा धोका आहे तो थोड्याशा लागलेल्या हातब्रेकचा.

तापलेला ब्रेक दगा का देतो?

ब्रेक तापल्याचे दुष्परिणाम निरनिराळ्या वाटांनी होतात. पहिला परिणाम लायनरवर होतो. लायनरची पकड एका मर्यादेपर्यंतच्या तापमानात चांगली राहते. ती मर्यादा ओलांडली की घर्षण कमी होऊ लागते, लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पाय कितीही जोराने दाबला तरी गाडी हवी तशी धरत नाही.

दुसरा परिणाम ड्रमवर होतो. तापल्याने ड्रम प्रसरण पावतो आणि शूपासून दूर जातो. परिणामी शू टेकण्यासाठी पेडल अधिक खोल दाबावे लागते.

तिसरा परिणाम सर्वांत घातक आहे. ड्रमच्या आतच ब्रेक ऑईलचे लहान सिलिंडर असते. ते तापले की आतील ऑईलही तापते. ब्रेक ऑईल म्हणजे खरे तर तेल नव्हे, सामान्यतः ते ग्लायकॉल वर्गातील द्रव असते आणि हवेतील ओलावा शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. ‘डॉट ३’ या प्रतीचे ताजे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या ऑईलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’ प्रतीसाठी हे आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ अंश आहेत. जुने, ओलावलेले ऑईल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला तरी आकसत नाही, म्हणूनच पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली की आकसते. अशा वेळी पेडल तळापर्यंत जाते आणि चाकापर्यंत दाब पोहोचत नाही. अलीकडच्या वाहनांत ऑईलचे मार्ग दुहेरी असल्याने एक मार्ग निकामी झाला तरी दुसरा काम देतो, परंतु गाडी थांबण्यास लागणारे अंतर खूपच वाढते.

यांशिवाय चाकाच्या बेअरिंगमधील ग्रीस पातळ होऊन वाहू लागते, ऑईल सीलचे रबर जळते आणि उष्णता टायरपर्यंत पोहोचते. वाहिलेले ग्रीस तप्त ड्रमवर पडल्यास धूर निघतो आणि प्रसंगी ज्वालाही उठतात.

घाटातील दुहेरी संकट

सपाट रस्त्यावर जे संकट सावकाश येते, ते घाटात झपाट्याने येते. महाबळेश्वरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर आहे. तेथून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना गाडी एक हजार मीटरांहून अधिक खाली येते. दीड टन वजनाची गाडी एक हजार मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे दीड कोटी जूल एवढी ऊर्जा कोठे तरी खर्ची पडावी लागते. एवढ्या उष्णतेत पंचेचाळीस लिटर पाण्याला, म्हणजे दोन मोठे हंडे भरतील इतक्या पाण्याला, उकळी येईल.

गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर या ऊर्जेचा मोठा भाग इंजिन पेलते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर जवळजवळ सारा भार ब्रेकवर येतो. त्यातच हातब्रेक आधीपासून लागलेला असेल, तर मागील ड्रम घाटाच्या माथ्यावरच तापलेले असतात. चढणीवर ज्या ब्रेकची गरज भासली नाही, तो उतरणीच्या पहिल्या वळणांवर कामाला येत नाही. आणीबाणीत हातब्रेक ओढावा तर तोही त्याच तापलेल्या ड्रमवर अवलंबून असतो. दोन ब्रेक असूनही एकही हाताशी न राहण्याची स्थिती अशा रीतीने निर्माण होते.

दिवा काय सांगतो?

हातब्रेक ओढलेला असला की चालकासमोरच्या फलकावर लाल दिवा लागतो. दिवसाउजेडी तो नजरेतून सुटू शकतो. दिव्याचा बल्ब गेलेला असेल तर तो लागतच नाही. चावी फिरविल्यावर हा दिवा क्षणभर लागतो की नाही हे पाहणे, म्हणूनच, रोजच्या तपासणीचा भाग असला पाहिजे. पुष्कळ वाहनांत हाच दिवा ब्रेक ऑईलची पातळी खाली गेल्याचीही सूचना देतो. दांडा खाली असूनही दिवा पेटला, तर तो बिघडला असे समजून दुर्लक्ष करणे घातक ठरते.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, बहुतेक दांड्याच्या हातब्रेकमध्ये हा दिवा दांड्याची स्थिती दाखवितो, चाकाची नव्हे. दांडा पूर्ण खाली केला की दिवा विझतो. चाकातील शू सुटले की नाही, हे त्याला ठाऊक नसते. पावसाळ्यात चिखलपाणी तारेच्या वेष्टनात शिरते, तार गंजते आणि ओढल्यावर परत सरकत नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत हा दोष अधिक संभवतो. शू मागे खेचणारी स्प्रिंग तुटणे, तार गरजेपेक्षा जास्त ताणून बसविणे, बरेच दिवस हातब्रेक ओढून गाडी एका जागी उभी ठेवल्याने लायनर ड्रमला चिकटणे, हीदेखील कारणे आहेत. या सर्व प्रसंगी चालकाने दांडा सोडलेला असतो, दिवा विझलेला असतो आणि ब्रेक मात्र लागलेलाच असतो.

वाहनागणिक भेद

विलीज घडणीच्या जुन्या जीपगाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे, चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर असे. हा दांडा चाकांच्या चार ते पाच पट वेगाने फिरतो. साहजिकच विसरलेला हातब्रेक तेथे फार लवकर तापतो, आणि शेजारीच गिअरबॉक्सचे तेल असल्याने आगीचा धोकाही असतो. अशा गाड्या आजही काही ठिकाणी वापरात आहेत, त्यांच्या चालकांनी याची विशेष जाणीव ठेवावी.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या बस व मालमोटारी यांत तत्त्व उलटे असते. तेथे भक्कम स्प्रिंग ब्रेक लावून ठेवते आणि हवेचा दाब तो सोडवितो. टाकीत पुरेसा दाब भरण्यापूर्वी गाडी हलविली, किंवा वाटेत हवा गळू लागली, तर ब्रेक आपोआप अंशतः लागतो आणि तापतो. दाबाचा काटा योग्य जागी येईपर्यंत थांबणे हा वेळेचा अपव्यय नव्हे.

नव्या मोटारींत बटणाने चालणारा विजेचा हातब्रेक असतो. काही रचनांत गाडी सुरू करताना तो आपोआप सुटतो. विसरण्याची शक्यता त्याने कमी झाली, तरी यंत्रणा अडकण्याची शक्यता शून्यावर आलेली नाही.

ओळखण्याच्या खुणा

पुढील खुणांपैकी एक जरी आढळली तरी गाडी थांबवून पाहणी करावी. गाडी नेहमीपेक्षा जड वाटणे. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडताच वेग चटकन पडणे. सौम्य उतारावर न्यूट्रलमध्ये पायब्रेक सोडूनही उभी गाडी न सरकणे. जळक्या लायनरचा उग्र वास येणे. मागील चाकाजवळ धूर किंवा घासल्याचा आवाज. पेडल मऊ लागणे किंवा अधिक खोल जाणे. लॉगबुकात दर लिटरमागे किलोमीटरचे प्रमाण विनाकारण घटलेले दिसणे, ही खूण कार्यालयात बसूनही ओळखता येते.

थांबल्यावर हाताचा पंजा रिमपासून काही अंतरावर धरून चारही चाकांची धग ताडून पाहावी. रिमला किंवा ड्रमला स्पर्श करू नये. एकच चाक इतरांहून फार गरम असेल तर त्या चाकाचा ब्रेक अडकला आहे असे समजावे.

वाटेत लक्षात आल्यास

हातब्रेक ओढलेला असल्याचे चालताना ध्यानात आले, तर तो तत्काळ पूर्ण सोडावा आणि वेग कमी करावा. पेडल खोल जात असेल तर ते भरभर दोनतीनदा दाबून पाहावे, क्रमाने खालचा गिअर घ्यावा व धोक्याचे दिवे लावावेत. इंजिन बंद करू नये, कारण त्याबरोबर ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही जाते.

गाडी शक्यतो सपाट जागी, रहदारीपासून बाजूला आणि वाळलेल्या गवतापासून दूर उभी करावी. तेथे हातब्रेक पुन्हा ओढू नये. तप्त ड्रम निवताना आकसतो आणि शू त्यात घट्ट अडकण्याचा संभव असतो. गाडी थांबल्यावर इंजिन बंद करून ती गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना लाकडी ठोकळे किंवा दगड लावावेत.

तापलेल्या ड्रमवर पाणी ओतण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती सोडली पाहिजे. बीड एकाएकी निवले की त्याला तडे जाऊ शकतात, आणि तडा गेलेला ड्रम पुढे केव्हा फुटेल याचा नेम नसतो. गाडी वाऱ्यावर निवू द्यावी, त्याला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागेल. मात्र प्रत्यक्ष ज्वाला दिसू लागल्या तर ड्रमचा विचार करू नये. प्रथम सर्व प्रवाशांना खाली उतरवून दूर न्यावे, अग्निशामक नळकांड्यातील भुकटी मारावी, ते नसल्यास माती किंवा पाणी जे मिळेल ते सुरक्षित अंतरावरून वापरावे आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी.

गाडी निवल्यावर पेडल पुन्हा घट्ट लागले, म्हणजे सर्व ठीक झाले असे नव्हे. एकदा उकळलेले ऑईल बदलावे लागते. मिस्त्रीने ड्रम उतरवून त्यावर निळसर डाग वा तडे आहेत काय, लायनर गुळगुळीत झाले आहे काय, सिलिंडरची रबरे, बेअरिंगचे ग्रीस आणि तार यांची स्थिती कशी आहे, हे सारे पाहिले पाहिजे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

हातब्रेक टाळणे हा उपाय नव्हे

हातब्रेक अडकतो म्हणून तो वापरायचाच नाही आणि चाकाखाली दगड लावून भागवायचे, असा एक प्रघात पडलेला आहे. गाडी निघून जाते आणि दगड रस्त्यातच राहतो. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तो जिवावर बेतू शकतो. शिवाय न वापरलेली तार अधिकच गंजते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ अन्वये चालकाने आपली जागा सोडताना इंजिन बंद करून ब्रेक लावणे, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी अन्य तजवीज करणे आवश्यक आहे. हातब्रेक नियमित वापरावा, त्याला गिअरची जोड द्यावी आणि आधाराला दगड लावलाच तर निघताना तो उचलून रस्त्याबाहेर टाकावा. पुष्कळ दिवस गाडी उभी ठेवायची असेल, तर मात्र सपाट जागी ठोकळे लावून हातब्रेक मोकळा ठेवणे हितावह असते.

जबाबदारी कोणाची?

ब्रेक तापून नुकसान झाले की हातब्रेक सोडण्यास चालक विसरला असा निष्कर्ष सहज काढला जातो. कधी तो खरा असतो. परंतु तार गंजलेली असताना, किंवा बदलण्याची मुदत उलटून गेलेले ऑईल तसेच वापरात असताना, चालकावर ठपका ठेवल्याने दोष दूर होत नाही. उलट, बोलल्यास आपल्यावरच शेकेल या भीतीने चालक पुढच्या वेळी बिघाड सांगत नाही आणि तीच गाडी दुसऱ्या दिवशी मुलांना किंवा रुग्णाला घेऊन घाटात जाते. अधिनियमाच्या कलम १९० मध्ये धोकादायक दोष असलेले वाहन चालविणाऱ्याबरोबरच ते चालवू देणाराही जबाबदार धरला आहे. तो दोष त्याला ठाऊक होता, किंवा साधी काळजी घेतली असती तर ध्यानात आला असता, एवढे त्यासाठी पुरेसे आहे.

ही साधी काळजी खर्चाची नाही. महिन्यातून एकदा सपाट जागी पुढची चाके अडवून, मागील चाके जॅकवर भक्कम आधार देऊन उचलावीत आणि हातब्रेक सोडल्यावर ती हाताने मोकळी फिरतात की नाही ते पाहावे. पावसाळा संपताच तारेची तपासणी करून घ्यावी. दांडा वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दात्यांवर लागेल एवढाच ताण ठेवावा. ब्रेक ऑईल पुस्तिकेतील मुदतीप्रमाणे, सामान्यतः दोन वर्षांनी बदलावे व त्याची तारीख लॉगबुकात नोंदवावी. एका गाडीवर पाळीपाळीने दोन चालक असतील, तर सोपविताना आढळलेला दोष लेखी कळविण्याची पद्धत ठेवावी आणि त्या नोंदीवर कोणती कार्यवाही झाली हे अधिकाऱ्याने पाहून सही करावी.

शाळेच्या बसबाबत मुख्याध्यापकांना आणि व्यवस्थापन समितीला, टँकरबाबत ग्रामपंचायतीच्या सदस्यांना ही विचारणा करता येईल. त्यासाठी यंत्रशास्त्राचे ज्ञान लागत नाही. मागील चाके मोकळी फिरतात काय आणि ऑईल केव्हा बदलले, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. त्यांची उत्तरे नोंदवहीत सापडली नाहीत, तर ती मिळेपर्यंत गाडी घाटात पाठवू नये.